ओलं रजिस्टर आणि पाच मतं

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, आंबिलीचं पातेलं अजून ओट्यावरच, आणि रात्री पाऊस असा की खिडकीतून समोरचं घर दिसेना. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो, आमचे फक्त लाइट गेले. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊटकडे मात्र तळमजले पाण्यात होते. साडेदहाच्या सुमारास आमच्या संघटनेच्या कोषाध्यक्ष सरांचा फोन आला. "मॅडम, फ्रिज, सोफा सगळं गेलं. ते जाऊ द्या. संघटनेची पेटी खालच्या खोलीत होती. तुम्हाला ओले कागद वाळवता येतात ना?"

येतात. कॉलेजच्या ग्रंथपालाला पुस्तकं देण्याघेण्यापलीकडे ज्या चार गोष्टी येतात त्यातली ही एक, आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणी ती विचारत होतं.

संघटना म्हणजे विदर्भातल्या कॉलेज ग्रंथपालांची. नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात तिची थोडी फजिती आहे आणि आता ती फजिती माझीही आहे. नागपूर, अमरावती, गोंडवाना ही तीन विद्यापीठं मिळून अकरा जिल्ह्यांतले सभासद. आधी सगळे एकट्या नागपूर विद्यापीठाखाली होते. १९८३ ला अमरावती वेगळं झालं, २०११ ला गोंडवाना. विद्यापीठाच्या वाटण्या झाल्या तरी संघटनेच्या झाल्या नाहीत, एवढं तिच्या बाजूने बोललं पाहिजे.

रविवारी सकाळी मी आणि आमचे परिचर काका ती पत्र्याची ट्रंक ऑटोत घालून कॉलेजात घेऊन आलो. ओल्या कागदाला दोनेक दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे सोमवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. वाचनकक्षातले सगळे पंखे लावले, टेबलं ओळीने मांडली. उन्हात ठेवायचं नाही, पानं वाकडी होतात. दर आठ-दहा पानांनंतर कोरा कागद घालायचा, छापील पेपर नाही, त्याची शाई उतरते. तो कागद ओला झाला की बदलायचा, पुन्हा बदलायचा. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत, ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं. रजिस्टरं उभी, पानं पंख्यासारखी पसरलेली. काका म्हणाले, "मॅडम, पापडं वाळत घातल्यासारखं दिसून राहिलं."

सभासद नोंदवहीची पहिली काही पानं शाईच्या पेनाने लिहिलेली होती. ती नुसती निळी झाली होती, एक नाव वाचता येत नव्हतं. बॉलपेनवाले सगळे शाबूत. म्हणजे संस्थापक वाहून गेले आणि नंतर आलेले आम्ही राहिलो.

चार दिवस पानं उलटायची म्हणजे ती वाचली जाणारच. एकूण ४१२ नावं. त्यातल्या निदान वीस जणांच्या तेराव्याला मी स्वतः जेवले होते. पत्ते तर बघण्यासारखे. 'आमगाव, जि. भंडारा'. गोंदिया जिल्हा होऊन १९९९ पासून किती वर्षं झाली! 'कारंजा, जि. अकोला'. वाशीम जिल्हा १९९८ चा. या यादीवर तीन वर्षांनी एकदा निवडणूक व्हायची. व्हायची म्हणजे अधिवेशनाच्या दुपारी, जेवण झाल्यावर, चार ज्येष्ठ मंडळी एका खोलीत बसायची आणि बाहेर येऊन नावं वाचायची. टाळ्या. २०१८ नंतर तेही झालं नव्हतं.

एक निळी फाइलही होती, संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या पत्रव्यवहाराची. तिच्यातला शेवटचा कागद २००९ चा. पुढचे सरांच्या दुसऱ्या कपाटात असतील असं मी धरून चालले. ही माझी चूक, पुढे येईलच.

आणि ट्रंकेच्या तळाशी, एकमेकांना चिकटलेली दोन पाकिटं. वरचं अक्षर माझं.

माझी पदोन्नतीची, म्हणजे कॅसची फाइल दोन वेळा परत आली होती. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत ग्रंथपालाला कोणत्या टप्प्यावर कोणता रिफ्रेशर कोर्स लागतो, यावरून दोन्ही वेळा तोच आक्षेप. माझ्याबरोबरच्या दोघांचंही तेच. मी संघटनेला लिहिलं होतं की हा एकटीचा प्रश्न नाही, सगळ्यांची प्रकरणं गोळा करून उच्च शिक्षण सहसंचालकांकडे एकदाच जाऊ. उत्तर नाही. वर्षाने पुन्हा लिहिलं. तीच ती दोन पत्रं. वाळल्यावर पाकिटं सुटली, तेव्हा दिसलं की ती कोणी फोडलेलीच नव्हती.

राग आला असं म्हणणार नाही. खरं सांगायचं तर थोडं हसूच आलं, कारण पाकिटाच्या आतलं पत्र, लेझर प्रिंट असल्यामुळे, अगदी स्वच्छ वाचता येत होतं. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मी सचिवपदाला उभी राहते."

"कशाला? पगार वाढतो का त्यात?"

"नाही."

"मग राहा. पगार वाढला असता तर लोकांनी पाडलं असतं."

ऑक्टोबरात सरांच्या मागे लागून निवडणूक जाहीर करवून घेतली. घटना कोणाकडे नव्हती. ट्रंकेत होती ती टंकलिखित प्रत, मधलं पान नाहीसं झालेली. त्यावरून कळलं ते असं: तीन वर्षांची मुदत, सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या जिल्ह्यांतले हवेत, पाचशे रुपये अनामत, मतदान गुप्त, साध्या बहुमताने. निर्वाचन अधिकारी म्हणून एका निवृत्त प्राचार्यांना विनंती केली. ते म्हणाले, "ग्रंथपालांची निवडणूक ना? चला, शांततेत होईल."

माझी सूचक वर्ध्याची, अनुमोदक चंद्रपूरचे. अर्ज भरला त्याच रात्री पावणेदहाला फोन. एक ज्येष्ठ सर, ज्यांच्याकडून मी वर्गीकरण शिकले आहे, त्यामुळे आवाज ऐकताच मी उभी राहिले.

"अगं, ऐक. आपल्यात निवडणूक शोभत नाही. पश्चिम विदर्भातून एकाचं नाव ठरलेलं आहे. तू अर्ज मागे घे, तुला महिला उपाध्यक्ष करू."

"सर, घटनेत महिला उपाध्यक्ष पद नाही."

"करता येईल ना."

"घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात सर. पान सात."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घटना तुझ्याकडे कशी?"

इथून पुढे महिनाभर मला तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू आला. यादी तिच्याकडे आहे. कागद तिने मुद्दाम नेले. कुणीतरी तर अशीही हवा सोडली की पूर ही सबब होती. जणू नाग नदी माझ्या सांगण्यावरून चढली! पण आरोपात तथ्य अजिबात नव्हतं असंही नाही. यादी चार दिवस माझ्याच टेबलावर होती, आणि कोण हयात आहे, कोण निवृत्त, कोणाचा फोन लागतो, हे मला समोरच्या उमेदवारापेक्षा जास्त माहीत झालं होतं. तो गडी काही वाईट नव्हता. मी यादी स्वच्छ टाइप केली, वारलेल्यांपुढे खूण, बदललेले जिल्हे दुरुस्त, आणि एक प्रत निर्वाचन अधिकाऱ्यांना, एक त्याला कुरिअरने पाठवली. परिचर काकांना हे अजिबात पटलं नाही. "तुम्ही काऊन देता त्यायले? आपण वाळवली ना यादी!" पण प्रत पाठवल्यावर फोन थांबले. मतं वाढली की घटली हे मला अजून माहीत नाही.

तपासून झाल्यावर ४१२ पैकी २६८ जणांना मतदानाचा हक्क राहिला. मग फिरणं. रविवार, दुसरा शनिवार, आणि शिल्लक किरकोळ रजा. भंडारा, वर्धा सोपं. ब्रह्मपुरीला उमरेड-भिवापूर-नागभीड असं एसटीने गेले. पूर्वी नागभीडला छोटी गाडी जायची, २०१९ पासून ती रुंदीकरणासाठी बंद, त्यामुळे खिडकीतून करांडल्याचं जंगल बघत जायचं सुख एसटीतच शोधायचं. बुलडाण्याला गेलेच नाही. लांब पडतं, असं स्वतःला सांगितलं. वणीला जाऊन आले पण तिथले सर त्या दिवशी गावाला गेलेले, फोन करून निघायचं एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

एका तालुक्याच्या कॉलेजातली भेट मात्र सांगते. ग्रंथालयाला कुलूप. ग्रंथपाल शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसलेले, समोर पोरांची रांग. अकरा वाजता मला म्हणाले, "बसा मॅडम, एवढे फॉर्म उरकतो." मी दीड वाजेपर्यंत बसले. मग त्यांनी कुलूप काढून ग्रंथालय दाखवलं. पाच हजारांवर पुस्तकं, सगळ्यांवर धूळ, पण क्रमांक एकही चुकलेला नाही. परिचराचं पद रिक्त. परीक्षा विभागाचं काम यांच्याकडे, स्नेहसंमेलनाचं डेकोरेशन यांच्याकडे. "नॅकची मूल्यांकन टीम आली की मात्र प्राचार्य माझ्या खुर्चीशेजारी उभे राहतात," ते म्हणाले. "चार पॉइंट दोनचे, म्हणजे ग्रंथालयाचे मार्क ना. टीम गेली की पुन्हा खिडकी." मी माझे मुद्दे सांगायला लागले, कॅसची प्रकरणं एकत्र करू, एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल देणाऱ्या योजनेचं, प्रशिक्षण घेऊ, रिक्त पदांची यादी काढू. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "निवडून आल्यावर पत्राला उत्तर द्याल का?"

मी त्या दोन पाकिटांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, कोणालातरी. ते हसले आणि स्वतःचा डबा अर्धा माझ्यापुढे केला, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. पुढच्या प्रत्येक भेटीत मी मुद्द्यांचा कागद काढलाच नाही. पाकिटांचीच गोष्ट सांगितली. प्रचार म्हणून हा प्रकार जरा स्वस्त होता, मला तेव्हाही कळत होतं.

मतदान जानेवारीत, एका रविवारी, सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजच्या वाचनकक्षात. सकाळी तर्री पोहे, मग द्वारसभा म्हणावी अशी पायऱ्यांवर कुजबूज, मग उमेदवारांची मनोगतं. प्रत्येकी तीन मिनिटं ठरलेली. समोरच्या उमेदवाराने अठरा घेतली, त्यात डॉ. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाचही नियम सोदाहरण आले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे, आणि खाली बसले. टाळ्या चांगल्या पडल्या. पण मागच्या रांगेतल्या एक मॅडम नंतर म्हणाल्या, "छान होतं, पण तुमचं म्हणणं काय ते कळलं नाही." बरोबर होतं त्यांचं. टाळीच्या मोहात मी हाती आलेली तीन मिनिटं घालवली. रिक्त पदांचं बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

मतमोजणी अर्ध्या तासाची. १७१ जणांनी मतदान केलं. मला ८६, त्यांना ८१, बाद ४. त्या चार मतपत्रिकांवर जेवढा वेळ गेला तेवढा बाकी सगळ्यांवर मिळून गेला नसेल. दोन जणांनी पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीच्या सवयीने बरोबरच्या खुणेऐवजी पसंतीक्रम लिहिला होता, १ आणि २. एकात मी पहिली, एकात ते, त्यामुळे तिथे भांडण मिटलं. एकाने दोन्ही नावांसमोर खूण करून खाली लिहिलं होतं, 'दोघेही चांगले आहेत'. आणि एकाने मतपत्रिकेखाली पूर्ण सही, तारखेसकट. सवयच ती, पोचपावतीची. सही ओळखीची होती. प्राचार्यांनी मतपत्रिका पालथी घातली आणि आम्ही सगळ्यांनी ती पाहिलीच नाही असं केलं. अकोला-बुलडाण्याकडून आलेली मंडळी बहुतेक त्यांची, हे खोलीत बसल्या-बसल्या कळत होतं. पाच मतांनी जिंकणं म्हणजे तिघांचं मन बदललं असतं तर हरणं. त्या रात्री मी त्या तिघांचाच विचार करत होते, की कोण असतील.

फेब्रुवारीत ट्रंक अधिकृतपणे माझी झाली. बँकेत सह्या बदलायला गेले तर मॅनेजरने धर्मादाय कार्यालयाची अनुसूची एक मागितली, पदाधिकाऱ्यांची नावं असलेली. ती ट्रंकेत नव्हती, दुसऱ्या कपाटातही नव्हती, कारण दुसरं कपाटच नव्हतं. नकलेचा अर्ज केला. नक्कल हातात आली तेव्हा मी कार्यालयाच्या व्हरांड्यातच बसले. सचिव म्हणून नाव होतं ते २००९ च्या सरांचं, जे निवृत्त होऊन तप उलटलं. कोषाध्यक्ष म्हणून जे होते ते २०१६ ला वारले. २०१२, २०१५, २०१८ च्या कार्यकारिणी, तीन-तीन वर्षं ज्यांनी सत्कार स्वीकारले, अधिवेशनं भरवली, त्या दप्तरी कुठेच नव्हत्या. आणि मी तर नव्हतेच नव्हते.

वकिलांनी समजावलं. संघटना १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, ज्याला तिथे सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो दिला नाही तर निवडणूक कितीही वाजतगाजत होवो, दप्तरात जुनीच नावं. आता एकदम माझं नाव चढणार नाही. आधी २०१२ चा अर्ज, मग २०१५, मग २०१८, मग माझा. प्रत्येकाला सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, इतिवृत्त, येणाऱ्यांची संमतीपत्रं, उशीर का झाला याचा वेगळा अर्ज. वारलेल्यांचा मृत्यू दाखला. शक्य असेल तर जुन्या सचिवांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र.

कोणाला अशा संघटनेत उभं राहायची हौस असेल तर त्याने आधी ही नक्कल काढावी, शंभर फोन नंतर करावेत. मी उलटं केलं. वाळत घातलेल्या फाइलमध्ये २००९ नंतर काही नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हा मला त्या दोन पाकिटांपलीकडे काही दिसलं नाही.

मृत्यू दाखल्यासाठी महाल भागात, वारलेल्या कोषाध्यक्षांच्या घरी गेले. काकूंनी दाखल्याची झेरॉक्स दिली, वर संघटनेची एक कोरी पावती पुस्तिका दिली. "हे म्हणायचे, कोणी घ्यायला आलं तर द्यायची. कोणी आलं नाही." इतिवृत्तांपैकी २०१५ ची पानं अजून चिकटलेलीच होती, ती दोन दिवस दमट टीपकागदात ठेवून पातळ पट्टीने सोडवली. नोटीस पाठवल्याचा पुरावा म्हणून २०१२ च्या पोस्टाच्या पावत्या मिळाल्या त्या ट्रंकेच्या झाकणाला चिकटलेल्या. हे सगळं कॉलेजचं काम सांभाळून. माझी स्वतःची कॅसची फाइल अजून आहे तिथेच आहे. पण आलेल्या पत्रांना उत्तर जातं. एप्रिलपर्यंत एकोणतीस पत्रं आली, त्यातली बावीस कॅसबद्दलच होती, आणि तो गठ्ठा सहसंचालक कार्यालयात एकत्र दिला आहे.

राहिले जुने सचिव. प्रतापनगरला मुलाकडे असतात. मे महिना, दुपारचं ऊन टाळून संध्याकाळी गेले तरी गेटची कडी हाताला भाजत होती. कूलरसमोर खुर्चीत बसलेले, अंगात पांढरा कुर्ता, वय एकोणऐंशी. मी नमस्कार केला, प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं, आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी अजून सचिव आहे?"

"हो सर. दप्तरी."

"पंधरा वर्षं?"

"हो."

त्यांनी सुनेला हाक मारून चष्मा मागवला. चार पानं होती, चारही वाचली, ओळीवर बोट ठेवून. कूलरच्या हवेने पान उडत होतं म्हणून वर पेनस्टँड ठेवला. तिसऱ्या पानावर थांबले. खिशातून शिसपेन्सिल काढली आणि एका शब्दाभोवती हळूच गोल केला.

"अनुसूचीतला 'सू' दीर्घ असतो. तुम्ही ऱ्हस्व केला आहे. तीनदा."

"सर, नोटरीची वेळ उद्या सकाळची आहे. वकील म्हणाले चालेल."

"वकील म्हणाले असतील," त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले. "सचिव मी आहे ना अजून? मग दुरुस्त करून आणा. सकाळी सातला उठलेला असतो मी."

प्रतापनगर चौकातलं टायपिंगचं दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती.